राख विकणारे मामंजी

प्रदर्शनात गेल्यावर आमचे मामंजी मालाकडे पाठ करून उभे राहत. समोर विलायती शिवणयंत्र खडखडत असो, नाहीतर काचेच्या पेटीत घड्याळाची चाकं फिरत असोत, लोक टाचा उंच करून यंत्राकडे बघत आणि मामंजी त्या लोकांच्या तोंडाकडे बघत. मुंबईच्या एका प्रदर्शनात त्यांचं हे बघणं एका शिपायाच्या डोळ्यांवर आलं. त्याला वाटलं, हा म्हातारा कुणाचा तरी खिसा हेरतोय. त्याने हटकलं, तेव्हा मामंजींनी शांतपणे कबूल केलं की होय, मी चोरायलाच आलोय, पण पैसे नव्हेत. शिपायाला ही भाषा कळली नाही. मामंजींना दुपारभर चौकीत बसावं लागलं. घरी आले ते खुशीत. चौकीतला हवालदार काहीच विचारत नव्हता, नुसता गप्प बसून मिशी कुरवाळत होता, आणि समोरचा माणूस ती शांतता सोसवेना म्हणून आपण होऊन सगळं सांगून टाकत होता. मामंजी म्हणाले, दुकानदारानेही असंच बसायला हवं.

"माल काय, उद्या दुकानातही दिसेल," ते म्हणत. "माणसाचा हात कनवटीकडे कधी जातो, ते प्रदर्शनातच दिसतं."

मी लग्न होऊन कल्याणला आले ती राणीच्या पहिल्या ज्युबिलीच्या आगेमागे. माझ्या माहेरी सांगितलं होतं की मुलाचे वडील मामलेदार कचेरीत कारकून आहेत. मी उंबऱ्यावरचं माप ओलांडलं तेव्हा ते कारकून राहिले नव्हते. त्याचं असं झालं होतं. तालुक्यातल्या भाताचे नमुने मुंबईच्या प्रदर्शनात पोचवायचं काम कचेरीने त्यांच्यावर टाकलं. नमुने पोचवून त्यांनी परत यायचं, तर ते तिथेच रमले. एका मांडवात कुणी परदेशी व्यापारी दात घासायची पूड विकत होता. नक्षीची डबी, आत पांढरी भुकटी. आपली शहाणीसुरती माणसं ती डबी घ्यायला रांग लावून उभी होती. मामंजींनी चिमूटभर पूड जिभेवर ठेवून पाहिली. खडू आणि वास. त्यांना आठवले ते कल्याणच्या वखारींमागचे भाताच्या तुसाचे ढीग. भात भरडून झाला की तूस कुणाला नको असे. वारा सुटला की ते सगळ्या गावाच्या डोळ्यांत जाई. तूस जाळलं की काळी राखुंडी होते आणि राखुंडीने आपल्याकडे घरोघर दात घासतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यात सैंधव, लवंग, तुरटी आणि कापूर घालून तिची पुडी बांधायची, एवढंच मामंजींनी ठरवलं आणि कचेरीला रामराम ठोकला.

गावाने त्यांना वेड्यात काढलं. राख ज्याच्या त्याच्या चुलीत पडलेली; ती विकत घेणार कोण? मामंजींचं उत्तर तयार असे. पाणी विहिरीत असतं तरी पाणक्या जगतोच की.

मंजनाला नाव काय द्यायचं यावर घरात पंधरवडा खल चालला होता म्हणे. मामंजींच्या मनात 'काळी राणी' होतं. माझे यजमान तेव्हा रेल्वेत नुकते चिकटलेले. राणीच्या राज्यात हे नाव पुडीवर छापलं तर आपली नोकरी जाईल आणि तुम्ही तुरुंगात जाल, असं त्यांनी बजावलं. मग 'श्यामसुंदर' ठरलं. देवाचं नाव, त्यामुळे सोवळ्यातल्या माणसांनाही तोंड उघडता येईना. मामंजी गिऱ्हाइकाला सांगत, सकाळी उठल्या उठल्या तोंडात देवाचं नाव येतं, ते पुण्य पुडीबरोबर फुकट.

सासूबाईंच्या मनाला हा सगळा प्रकार लागला होता. त्या कारकुनाची बायको म्हणून या गावात मानाने वावरल्या होत्या. हळदीकुंकवाला कुणी खवचटपणे विचारलं, हल्ली काय करतात हो घरचे, तर त्या "व्यापार" एवढाच शब्द बोलत आणि पानाचं तबक पुढे करत. मंजनाच्या पुडीला त्या हात लावत नसत. दात त्या आपल्या चुलीतल्या राखुंडीनेच घाशीत, आणि मामंजींना दिसेल अशा बेताने घाशीत. त्यात चिपळूणकडच्या गावी मामंजींचे थोरले भाऊ होते. त्यांनी निरोप धाडला होता की घराण्याचं नाव राखेत घालू नकोस, गावी ये, बागायत बघ, माझ्या हाताखाली राहा. मामंजींनी अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत मागून घेतली होती. तोवर धंद्याने बाळसं धरलं नाही तर बिऱ्हाड मोडून कोकणात जायचं, असा शब्द त्यांनी भावाला दिला होता, आणि शब्दाला ते पक्के होते. थोरल्या जावेच्या हाताखाली उरलेलं आयुष्य काढायचं, या कल्पनेनेच सासूबाईंना धडकी भरे. एकीकडे राख नको आणि दुसरीकडे जाऊ नको, अशा कात्रीत त्या सापडल्या होत्या.

प्रदर्शनात पाहिलेलं मामंजी घरी आल्या आल्या करून बघत. याला ते 'उसनं आणणं' म्हणत. अत्तरवाला मनगटावर बोट ओढतो आणि माणूस दिवसभर त्याची जाहिरात करत हिंडतो, हे उसनं आणलं तेव्हा मंजनात लवंग वाढली. कुलुपांचा व्यापारी कुलूप आपण न उघडता किल्ली गिऱ्हाइकाच्याच हातात देतो, हे आणलं तेव्हा पुडी सोडून दाखवायचं बंद झालं. ज्याने त्याने आपल्या हाताने सोडावी. पण सगळ्याच उसनवाऱ्या अंगी लागत नसत. एका घड्याळजीने म्हणे मखमलीच्या उशीवर एकच घड्याळ ठेवलं होतं आणि त्या एकाच्या भोवती सगळ्यांत जास्त गर्दी होती. मामंजींनी पारनाक्याजवळच्या आपल्या दुकानातल्या सगळ्या पुड्या आत नेल्या, जांभळी मखमल आणली, उशी केली आणि तिच्यावर मधोमध एकच पुडी ठेवली. शोभा यावी म्हणून शेजारी निरांजन आणि दोन फुलं. मोहन्याहून बाजाराला आलेला एक शेतकरी पायरीशी थबकला. त्याने पागोटं काढलं, उशीला हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, "घरातलं कोण गेलं, बाबा?"

मामंजींनी त्याला खरं ते सांगितलं. तो बिचारा इतका ओशाळला की त्या भरात पुडी घेऊन गेला. मामंजींनी हा प्रयोग तरीही थांबवला. म्हणाले, विक्री झाली खरी, पण रोज सुतक पाळून धंदा होत नाही.

माझी आणि त्यांची गट्टी जमली ती मुंबईच्या दुसऱ्या एका प्रदर्शनाच्या वेळी. तिथे एक दिवस फक्त बायकांसाठी राखून ठेवला होता. दारावर पुरुषांना मज्जाव. मामंजींची मोठीच पंचाईत झाली. बायका काय बघून काय घेतात हे त्यांना आजवर दिसलंच नव्हतं, कारण नवरा बरोबर असला की बाई गप्प असते. त्यांनी सासूबाईंची मनधरणी केली. त्या म्हणाल्या, मी तुमची हेर होणार नाही. पण मुंबई बघायला यायला माझी हरकत नाही. मग मला समोर बसवून मामंजींनी शिकवलं. मालाकडे फार बघू नकोस. बाई कुठे थांबते, कुणाकडे बघते, आणि घेण्याआधी शेवटचं कोण बोलतं, तेवढं ध्यानात ठेव.

आम्ही दोघी आत गेलो आणि मामंजी दरवाज्यासमोरच्या झाडाखाली छत्री टेकून बसले. आत नुसती झुंबड. काकणांच्या मांडवात एक पारशीण होती, गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची. ती किंमत सांगत नव्हती, माल वाखाणत नव्हती. समोरच्या बाईचा हात हातात घेई, एक काकण अलगद चढवी, आणि तो हात त्या बाईच्याच डोळ्यांसमोर धरून विचारी, "काढू का?" मी बराच वेळ उभी होते. एकही बाई "काढा" म्हणाली नाही. माझ्याही हातात एक चढलं होतं, आणि मीही म्हटलं नाही.

बाहेर आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा मामंजी झाडाखालीच टाळी वाजवून हसले. परतीच्या गाडीत कल्याण येईपर्यंत ते मधूनच स्वतःशी "काढू का?" असं पुटपुटत होते. समोरच्या बाकावरच्या गृहस्थाला वाटलं, आपल्या पगडीबद्दलच बोलतायत. त्याने ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. मामंजींनी सासूबाईंना विचारलं, तुम्हाला काय दिसलं? सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "गर्दी."

त्याच हिवाळ्यात ठाण्याला जिल्ह्याचं शेतकी आणि औद्योगिक प्रदर्शन भरायचं होतं. अक्षय्य तृतीयेआधीची ही शेवटची संधी, हे घरात सगळ्यांना कळत होतं. मामंजी जागा मागायला गेले. प्रदर्शनाचे चिटणीस ठाण्यातले नामांकित वकील होते. त्यांनी मंजनाची पुडी दोन बोटांत धरून हुंगली आणि परत दिली. म्हणाले, "राख हा उद्योग नव्हे. राख हा उद्योगाचा शेवट."

मामंजींना राग आला नाही. घरी येऊन त्यांनी ते वाक्य आम्हाला दोनदा म्हणून दाखवलं आणि असं वाक्य आपल्याला का सुचत नाही म्हणून हळहळले. मग भिंतीवरचा आरसा काढून घासायला बसले. हा आरसा सासूबाईंच्या माहेरचा, पुरुषभर उंचीचा, आणि आमच्या घरातली तेवढीच एक भारी चीज. सासूबाईंनी कुठे नेताय म्हणून विचारलं नाही. त्यांचा चेहरा मात्र उतरला.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीने ठाण्याला उतरलो आणि स्टेशनवर छकडा केला. सासूबाई बाहेरचं पाणी पीत नसत, म्हणून पाण्याने भरलेल्या दोन तांब्याच्या घागरी बरोबर होत्या. मामंजींनी छकडा मैदानाच्या दरवाज्याजवळ चिंचेखाली सोडवला, आम्हाला तिथेच बसायला सांगितलं, आणि दरवाज्याबाहेर, अगदी येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर, आरसा उभा केला.

तेव्हा एवढा आरसा किती जणांनी पाहिला असेल? ठाण्याच्या चाकरमान्यांनी कदाचित. पण बाळकुमचे, कोलशेतचे आगरी, खाडीकाठचे कोळी, घोडबंदरकडचे शेतकरी यांनी स्वतःला असं नखशिखांत कधी बघितलंच नव्हतं. प्रदर्शनाला आलेला जो तो आधी आरशापाशी थांबे. पागोटं सारखं करी, मिशी बघे, आणि शेवटी, काय असेल ते असो, दात विचके. तो दात विचकायचा अवकाश, मामंजी त्याच्या तळहातावर चिमूटभर मंजन ठेवत आणि सांगत, "फक्त डावी बाजू घासा. उजवीला हात लावू नका."

गंमत म्हणून माणसं घाशीत. घासलं की तोंड काळंकुट्ट. मग चूळ कुठे भरायची? मामंजी आत बोट दाखवत. विहीर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, चिटणिसांच्या तंबूला लागून होती. ती काळ्या तोंडाची माणसं सगळे मांडव ओलांडत, हसत, एकमेकांना दाखवत विहिरीपर्यंत जात. आणि जो कुणी विचारी की हे काय, त्याला सांगत. चूळ भरून परत येत, आरशात बघत. डावी बाजू लखलखीत, उजवी पिवळी. मामंजी हवालदारासारखे गप्प बसून असत. शेवटी तोच माणूस विचारी, "आणि ही बाजू?" मामंजी म्हणत, "ती घरी. पुडी घेऊन जा. नाहीतर राहू दे का एवढंच?"

एवढंच कुणालाही राहू द्यायचं नव्हतं. तासाभरात मामंजींभोवती आतल्या कुठल्याही मांडवापेक्षा मोठी गर्दी जमली. सासूबाई छकड्याच्या पडद्याच्या फटीतून बघत होत्या. एकदा मला वाटलं त्या हसल्या. पण मी वळले तेव्हा त्या पदर सारखा करत होत्या.

मग गोष्ट बिघडली. कलेक्टरसाहेबांची स्वारी यायची होती. चिटणीस स्वागताला हार घेऊन तंबूबाहेर आले आणि पाहतात तो चहूकडे काळी तोंडं. कुणीतरी आवई उठवली की ही कसली तरी साथ आहे, लागण होते. बायका पोरांना ओढून नेऊ लागल्या. चिटणिसांनी दोन हुकूम सोडले. एक, विहिरीचा दोर काढून घ्या. दोन, त्या आरसेवाल्याला हाकला.

पट्टेवाले मामंजींपर्यंत पोचायच्या आधी ज्यांना चूळ भरायला मिळाली नव्हती ती माणसं पोचली. आता त्यांना कुणालाच हसू येत नव्हतं. सगळ्यांत पुढे बाळकुमची एक आगरीण होती, चांगली उंच, धिप्पाड, काळ्या तोंडाने आणखीच भयंकर दिसत होती. मिठागरावर काम करणारा हात तिने मामंजींच्या नाकासमोर नाचवला.

"आमचे घरान चूलभर राख हाय," ती म्हणाली, "ती इकत कनाला घेवाची? आन आता या तोंडान मी घरा कशी जाव?"

मामंजींना मी असं गोंधळलेलं पहिल्यांदाच पाहिलं. ते गर्दीच्या तोंडांकडे बघत होते; पण बघून काही उमजत होतं असं वाटलं नाही. एक पट्टेवाला आरशाला हात घालत होता. लोकांनी रेटा दिला असता तर आरसाही गेला असता आणि मामंजीही. धंदा तर गेल्यातच जमा होता. मला कोकणातलं घर डोळ्यांसमोर दिसू लागलं.

तेवढ्यात छकडा हलला. बघते तो सासूबाई खाली उतरलेल्या. पदर कमरेला खोचलेला, एक घागर कडेवर. ज्या बाईने कल्याणच्या बाजारातून कधी डोकं वर करून पाऊल टाकलं नव्हतं, ती भर मैदानातल्या शेकडो पुरुषांमधून वाट काढत गेली, आणि त्या आगरणीसमोर उभी राहिली. म्हणाली, "ओंजळ कर, बाई." आणि वरून धार धरली.

आगरणीने खळखळून चूळ भरली. सासूबाईंनी तिचा खांदा धरून तिला आरशाकडे वळवलं. ती बघतच राहिली. जीभ डाव्या दातांवरून फिरवली, मग उजव्या. सासूबाईंनी तिच्या मागून आरशात बघत विचारलं, अगदी हळू, त्या पारशिणीच्याच सुरात,

"राहू दे का अर्धंच?"

आगरीण आधी हसली. ती हसली तशी मागची माणसं हसली, आणि पट्टेवाल्याचा हात आरशावरून खाली आला. त्यानंतर जे झालं ते मामंजींनी कुठल्याही प्रदर्शनात पाहिलं नव्हतं. आतापर्यंत ती आगरीण सोडली तर आरशापाशी सगळे पुरुषच होते. बायका पदर तोंडाला लावून लांबून बघत होत्या. परक्या पुरुषासमोर दात कोण दाखवणार? सासूबाई उभ्या राहिल्या आणि त्या सगळ्या पुढे आल्या. घागरी संपल्या तेव्हा त्या आगरणीने आपल्या गावच्या बायकांना हाका मारल्या आणि लांबच्या तळ्यावरून पाणी येऊ लागलं. मीही उतरले आणि पुड्या देऊ लागले. मामंजींना आम्ही बाजूला सरकवलं. ते छकड्याच्या दांडीवर बसून राहिले. त्यांचे डोळे गर्दीवर नव्हते. ते एकसारखे सासूबाईंकडेच बघत होते.

साहेबांची स्वारी आली तेव्हा दरवाज्यात अर्ध्या पांढऱ्या दातांनी हसणाऱ्या बायकांची रांग होती. मडमेने काहीतरी विचारलं आणि चिटणिसांना विंग्रजीत बरंच बोलावं लागलं. ते काय बोलले कोण जाणे. पण पुढल्या वर्षी त्यांचा आपण होऊन निरोप आला की आत मधोमध जागा राखून ठेवली आहे. मामंजींनी उलट कळवलं की आभारी आहे, दरवाज्याबाहेरची हवा अधिक मानवते.

घरी परतताना, कल्याणला उतरल्यावर मामंजी एवढंच म्हणाले, "त्या दिवशी तुम्हाला फक्त गर्दी दिसली होती ना?" सासूबाई म्हणाल्या, "चला, दिवे लावायचेत." दुसऱ्या दिवशी सकाळी परसात त्यांच्या हातात श्यामसुंदरची पुडी होती. मामंजींना दिसेल अशा बेताने.

अक्षय्य तृतीयेला चिपळूणचे थोरले मामंजी भावाला न्यायला म्हणून आले. मामंजींनी त्यांना दुकानात बसवलं आणि आपण गप्प बसून राहिले. चार दिवसांनी थोरले मामंजी परत गेले ते पुड्यांचं एक गाठोडं घेऊन. गावच्या जत्रेत खपतात का बघतो, म्हणाले.

धंदा वाढला तशी नक्कलही झाली. भिवंडीच्या एका तरुण गृहस्थाने 'घनश्याम दंतमंजन' काढलं. तसाच कागद, तीच बांधणी, तोच काळा रंग. माझे यजमान संतापले, वकील गाठू म्हणाले. मामंजींनी घनश्यामची पुडी मागवली, आठवडाभर तिनेच दात घासले, आणि निर्णय दिला की याने लवंग भाजून घातलीय, आपण कच्ची घालतो, त्याचं बरोबर आहे. तेव्हापासून आमचीही लवंग भाजू लागली. "त्याने आपला देव नेला," मामंजी म्हणाले, "आपण त्याची लवंग आणली. फिटंफाट."

पुढच्या एका प्रदर्शनात तर श्यामसुंदर आणि घनश्याम शेजारी शेजारी आले, आणि सकाळीच दोघांचं जुंपलं. घनश्यामवाल्याने मामंजींना म्हातारा राखाडी म्हटलं, मामंजींनी त्याला भाजकी लवंग म्हटलं. हातघाईवर येईल असं वाटावं इतका आवाज चढला. सगळं प्रदर्शन तिथे लोटलं. सासूबाईंना राहवेना; त्यांनी त्या तरुणाला सगळ्यांसमोर असा काही झाडला की तो खरोखरच गोरामोरा झाला. दुपारी दोघांच्याही पुड्या संपल्या. मी मांडवामागे गेले, तर दोघे एका पानातला चिवडा खात बसलेले, आणि उद्या भांडण किती वाजता काढायचं याचा विचार करत होते. त्या तरुणाची एकच अट होती, की उद्या काकूंना घरी ठेवा.

माझ्या यजमानांची भुसावळला बदली झाली तेव्हा मामंजी थकले होते. पण आम्हाला पोचवायला स्टेशनवर आले. सामान चढलं, मुलं चढली. एरवी फलाटावरच्या प्रत्येक फेरीवाल्याकडे टक लावून बघणारे मामंजी त्या दिवशी खाली बघत उभे होते. मी पाया पडले. म्हटलं, "मामंजी, थंडीत या ना तिकडे."

"मला बोलावू नकोस," ते म्हणाले. "मी आलो तर तुझ्या शेजारणींना काहीबाही विकून जाईन, आणि तुला तिथे राहायचंय." मग गाडी हलताना खिडकीच्या गजांवर हात ठेवून दोन पावलं चालले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी त्यांच्याकडे बघू नये अशी त्यांची इच्छा असावी, म्हणून मीही समोर बघत राहिले.

पुढच्या भाद्रपदात तार आली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरात बायका जमल्या होत्या आणि कोपऱ्यात कुजबुज चालली होती. मामंजी गेले तेव्हा शेजारीण दारात आली होती आणि तिने घरातून हसण्याचा आवाज ऐकला होता म्हणे. नवरा जातोय आणि ही बाई हसतेय, हे तिने आळीभर सांगितलं होतं.

बायका गेल्यावर मी सासूबाईंजवळ बसले. त्यांनी आपण होऊन सांगितलं. वैद्य येऊन गेले होते. मामंजी डोळे मिटून पडले होते. मग त्यांनी डोळे उघडले, सासूबाईंना जवळ बोलावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. ते ऐकून सासूबाईंना हसू फुटलं. असलं हसू, की आवरेना. त्या तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. हसू आवरून वळल्या, तोवर ते गेले होते.

"काय म्हणाले होते हो?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मी पुन्हा विचारलं. पुढे किती वर्षं, किती परींनी मी विचारत राहिले, भुसावळहून परतल्यावर दुकान त्या आणि मी मिळून चालवू लागलो तेव्हाही. त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी माझा हात हातात घेतला होता आणि म्हणाल्या होत्या,

"जन्मभर त्यांनी मनातलं सगळं चव्हाट्यावर मांडलं, सूनबाई. एवढं एक माझ्याजवळ राहू दे."